पंधरा मजले, चाळीस खेपा

जिन्यावर सातव्यांदा पावलं वाजली, तेव्हा तिने दार उघडलं.

निवृत्त होऊन तिला आठ वर्षं झाली होती, पण टेलिफोन ऑपरेटरचा कान काही निवृत्त झाला नव्हता. नुसत्या श्वासावरून माणूस किती थकलाय ते तिला कळे. हा माणूस सकाळी सहापासून चढत होता आणि आता त्याच्या श्वासाला शिट्टी लागली होती.

"पाणी देऊ?"

तो कठडा धरून थांबला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, छातीवर नंबराचा कागद टाचलेला. "द्या ताई. नाही म्हणवत नाही."

लिफ्टजवळची नोटीस तिने वाचली होती. हॉस्पिटलातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी एक बसड्रायव्हर या पंधरा मजली इमारतीचा जिना चाळीस वेळा चढणार होता. वर पायी, खाली लिफ्टने. दर खेपेमागे रहिवाशांनी ऐपतीप्रमाणे मदत द्यायची होती.

"किती झाल्या?" तिने विचारलं.

"मोजणारे खाली टेबलावर बसलेत. माझं काम चढायचं." त्याने पेला परत दिला. "घरात कोणाची झोपमोड नाही ना केली मी?"

"मुलगा-सून झोपलेत," ती म्हणाली. "उठतील आता."

मुलगा आणि सून विमानाने सात तासांवर राहत. फोन रविवारी येई, तोही घाईतला. अनोळखी माणसाला खरं सांगू नये, असं तिने मनाशी म्हटलं. पण ते काही खरं कारण नव्हतं. तिला कोणाची कीव नको होती.

पुढच्या खेपेला तिने पाण्यात लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली. त्याच्या पुढच्या खेपेला दाराबाहेर स्टूल ठेवलं. मग केस विंचरले आणि घरातला जुना गाऊन बदलला. दर दहा-बारा मिनिटांनी तो येई, एक मिनिट टेके, "चला" म्हणून उठे. त्या एका मिनिटासाठी उरलेली अकरा मिनिटं ती कामात असल्यासारखी घरभर फिरत राही.

"गुडघा धरलाय तुमचा," एकदा ती म्हणाली.

"तीस वर्षं बसून खाल्लंय ताई. आता पाय हिशेब मागतात."

"मग हे कशाला अंगावर घेतलंत? तुमचं कोणी आहे का वॉर्डात?"

"नाही हो." तो पेल्याकडे बघत राहिला. "मंगळवारी सकाळच्या फेरीला एक बाई मुलीला घेऊन चढायच्या. मुलीच्या डोक्याला रुमाल. मागच्या सीटवरून आरशात मला जीभ दाखवायची. मीही दाखवायचो. वर्षभर चाललं आमचं. मग एका मंगळवारी बाई एकट्याच चढल्या."

ती दाराच्या चौकटीला टेकली.

"हॉस्पिटलच्या स्टॉपला उतरल्या. वॉर्डातलं सामान आणायला गेल्या असतील. मी ब्रेक लावला, दार उघडलं, दार लावलं. बाईंशी एक शब्द बोललो नाही. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. "लिंबू आणखी पिळू का?" एवढंच ती म्हणाली.

बाराच्या सुमारास त्याने विचारलं, "सूनबाई उठल्या?"

"कधीच्या. दोघं बाहेर गेलीत."

"बरंय. भरलं घर असलेलं चांगलं," तो म्हणाला आणि उठला.

दोन वाजता खाली टाळ्या वाजल्या, बराच वेळ. मग सगळं शांत झालं. अर्धा-पाऊण तास पावलं आली नाहीत. जेवायला बसला असेल, असं ती धरून चालली. तिने मात्र दोन घास खाऊन ताट सरकवलं.

तो आला तेव्हा छातीवरचा कागद नव्हता. घामाने गळून पडला असेल. आता तो अर्ध्या-अर्ध्या तासाने येऊ लागला, आणि बसला की बसूनच राही. दमलेल्या माणसाला घाई कोण करणार? उठताना म्हणे, "तुम्ही दार लावून घ्या ताई, मी जरा इथेच दम खातो." ती दार लावी आणि पेला विसळायला जाई.

बसल्या बसल्या तो तिच्या नोकरीबद्दल विचारी. गेल्या कित्येक वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं. ती सांगत सुटली. एकदा एका नवऱ्याला चुकून भलत्याच बायकोशी जोडून दिलं, आणि दोघं चांगली पाच मिनिटं भांडली, तेव्हा कुठे त्यांना कळलं. तो पोट धरून हसला.

"आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकावंसं नाही वाटायचं?"

"नियम होता. दोघांना जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं." ती म्हणाली, "सवय होते त्याची."

त्याने मान हलवली. त्या खेपेला तो बराच वेळ उठला नाही.

पाच वाजता तो पेला देऊन म्हणाला, "येतो ताई. काळजी घ्या."

साडेपाच झाले, सहा झाले. तिने दार उघडून कान दिला. जिना गप्प होता. या वयात, असल्या श्वासाने एवढं चढायचं म्हणजे काय खेळ आहे? वर कुठे कोसळला असेल तर? अकरा दिवसांत ती खाली उतरली नव्हती. आता पाण्याची बाटली घेऊन, दाराला कुलूपही न लावता ती लिफ्टमध्ये शिरली.

खाली टेबल नव्हतं, माणसं नव्हती. वॉचमन खुर्ची पुसत होता.

"ड्रायव्हरसाहेब कुठेत? त्यांना काही झालं का?"

"छे हो काकू. गेले घरी मघाशीच. लंगडत होते जरा."

"म्हणजे चाळीस पुऱ्या झाल्या?"

"त्या दोनलाच झाल्या की. टेबलवाले फोटो काढून अडीचला गेलेसुद्धा." वॉचमनने फडकं झटकलं. "मलाही नवल वाटलं. त्यानंतर पाच वेळा ते जिन्याने वर गेले, आणि पाचही वेळा लिफ्ट तुमच्याच मजल्यावरून खाली आली."