ओवाळणीत काय हवं?

"मागे बघ, मागे!"

भाविका ओरडली आणि तिथेच चुकली. दुपारपासून तिने माइक बंद ठेवला होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ती मुकाट्याने खेळत होती. भाऊबीजेनिमित्त कोन गावच्या मंडळाने मोबाइल गेमची स्पर्धा ठेवली होती. चिठ्ठ्या टाकून चौघाचौघांच्या टीम पाडल्या होत्या. खरी नावं कोणी विचारली नव्हती, त्यामुळे 'मिठागर' नावाने भाविका खेळतेय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

भाविकाला मात्र आपला कॅप्टन पहिल्या मिनिटालाच आवाजावरून ओळखू आला होता. खालच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला तिचा सख्खा भाऊ, निकेश. तिला गंमतच वाटली होती. संध्याकाळी ओवाळून झालं की सांगू, बघू तोंड कसं होतं ते, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण सेमीफायनलला निकेशच्या पाठीमागून, भिंतीआडून बंदूक वर आली आणि तिला राहवलं नाही. माइक उघडून ती ओरडली, तिचा तिलाच ओळखू येऊ नये अशा चिरक्या आवाजात.

निकेश वळला. वाचला. टीम जिंकली.

कानात टीममधल्या केतनचा आवाज आला, "आयला, मिठागर पोरगी हाय रे!"

कोणीतरी शिट्टी मारली.

"निक्या, तुझ्यासाठी कशी जिवाच्या आकांताने ओरडली बघ. पटली तुला!"

निकेश हसला. "ओ मॅडम, आमाला नका वाचवू. भाकऱ्या थापा जा. फायनलला पोरगी घेऊन उतरलो तर गावात तोंड दाखवायला जागा नाय राहणार."

आणि मग तो आणखी एक वाक्य बोलला. केळ्याची साल फेकावी इतक्या सहज. ते तिच्या अंगाबद्दल होतं आणि तिला जन्म देणाऱ्या आईबद्दल होतं. बाकीचे दोघं खो खो हसले. पुढच्याच क्षणी कॅप्टनने 'मिठागर'ला टीममधून काढून टाकलं.

भाविका मोबाइल हातात धरून बसून राहिली. गल्लीत फटाक्यांची माळ लागली होती. ती संपली तेव्हा खालून आईची हाक ऐकू आली, "भावे, ये गं खाली! दादूस पाटावर बसलाय!"

ती खाली आली. हॉलमध्ये पाटाभोवती रांगोळी घातलेली, ताटात नीरांजन, सुपारी, अक्षता, आईची अंगठी. निकेश नव्या कुर्त्यात मांडी घालून बसला होता. डोक्यावर रुमाल, एक डोळा मोबाइलवर.

"लवकर कर गं. फायनल आहे. एक जण कमी आहे, त्याला पण शोधायचाय."

"कमी कसा झाला?" भाविकाने विचारलं.

"होती एक येडी. काढली तिला."

आईने ताट भाविकाच्या हातात दिलं. "ते खेळणं ठेव रे बाजूला. वर्षाचा सण हाय."

निकेशने मोबाइल पाटाखाली सरकवला आणि बहिणीकडे बघून हसला. हसला की तो अगदी गोड दिसायचा. "बोल, ओवाळणीत काय हवं? ड्रेस आणलाय, पण दुसरं काही हवं असेल तर सांग. आज मूड चांगला आहे आपला."

"देशील?"

"माग तर."

"मघाशी त्या मुलीला शेवटी जे म्हणालास ना, ते पुन्हा म्हण. इथे, आईसमोर."

निकेशचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कुठल्या मुलीला?"

"मिठागरला."

आई एकदा मुलाकडे, एकदा मुलीकडे बघत होती. "काय बोलला हा? कोणाला?"

"म्हण ना," भाविका म्हणाली. "एवढंच मागतेय. सगळ्यांना ऐकवलंस, मग आईने काय पाप केलंय?"

निकेशने मान खाली घातली. पाटाची कड नखाने खरवडली. मग उसळून म्हणाला, "मला काय स्वप्न पडलं होतं, ती तू आहेस म्हणून?"

भाविकाने त्याच्याकडे नीट बघितलं. आणखी काहीतरी येईल म्हणून ती थांबली. आणखी काही आलं नाही. उलट त्याला वाटलं, आपण सगळं सांगून टाकलं, आता मिटलं. त्याने रुमाल सारखा केला आणि टिळ्यासाठी कपाळ पुढे केलं.

ती ताट घेऊन वळली. गॅलरीचं दार ढकलून बाहेर गेली. हायवेच्या दिव्यांच्या वर, क्षितिजाला टेकलेल्या आभाळात, द्वितीयेची कोर होती, बघता बघता मावळेल इतकी बारीक. भाविकाने तिच्या दिशेने अक्षता टाकल्या आणि ताट वर उचललं.

"भावे!" आई दारातून ओरडली. तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली भीती. "येड लागलं काय तुला? भाऊ नाय त्या पोरी ओवाळतात चांदोबाला! तुझा भाऊ बसलाय ना घरात!"

भाविकाने वळून आत बघितलं.

"कुठे?"