चतकोर भाकरीचा भाव

गोदूबाईने दोन आणे म्हणताच भागोजीने हातातली भाकर परत तिच्या टोपलीत टाकली.

"काल एक आणा होता," तो म्हणाला. "आज काय सोनं लावलंस भाकरीला, कोळणी?"

मिठागरावर दुपारची सुट्टी झाली होती. बांधावर आगरी मजूर ओळीने बसले होते. मिठाने त्यांच्या टाचांना चिरा पडल्या होत्या. गोदूबाई रोज खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून टोपली घेऊन येई. तांदळाची चतकोर भाकर, तिच्यावर सुकटीचं कालवण, घडी घालून हातात. दोन चतकोर पोटात गेल्या की माणूस दिवस मावळेपर्यंत मीठ ओढायचा. जवळपास दुसरं काही खायला मिळत नव्हतं.

"सुकट वाळवायच्या खळ्यावरनंच मुंबईचे व्यापारी उचलतात," ती म्हणाली. "तांदळाचा भाव तुमाला ठावं हाय. मी घरातनं किती घालू?"

"आमचा शेट दमडी वाढवत न्हाय. आमी कुठनं आणू?"

"मग शेटला जाऊन इचार की," म्हातारा कोंडाजी हसत म्हणाला. "का तिथं तोंड उघडत न्हाय तुजं?"

भागोजीला ते झोंबलं. मजुरी वाढवून मिळावी म्हणून त्यांनी सरकारात अर्ज केला होता. त्यावर एक अख्खा पावसाळा गेला होता. शेट हलत नव्हता. गोदूबाई एकटी होती, विधवा होती, ती हलण्यासारखी होती.

तो बांधावर उभा राहिला. "दोन आणे देऊन जो हिची भाकर खाईल, त्याच्या घरच्या हळदीला कोनी जायचं न्हाय."

मग एकाचाही हात पुढे झाला नाही. हळदीला भावकी आली नाही तर लग्न झालं काय नि न झालं काय. कोंडाजीची धाकटी लग्नाची होती. तो हसायचा थांबला. दोन-तीन दिवस माणसांनी उपाशीपोटी मीठ ओढलं. दोन-तीन दिवस गोदूबाईने आंबलेलं कालवण खाडीत ओतलं. मग एका दुपारी तिने टोपली खाली ठेवली आणि कोणाकडे न बघता म्हणाली, "एक आणा."

बांधावर टाळ्या पडल्या. भागोजीने तीन चतकोर खाल्ल्या आणि मिशीवरून हात फिरवला.

पुढच्या आठवड्यात दुपारच्याच वेळी एक माणूस बांधावरून चालत आला. धुळीने भरलेल्या चपला, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. सकाळच्या मुंबईच्या लाँचने उतरून त्याने गावातली दुकानं पालथी घातली होती, हे मजुरांना माहीत नव्हतं. भूक लागली होती म्हणून तो टोपलीपाशी बसला. भाकर संपवून त्याने विचारलं, "केवढ्याला?"

गोदूबाईच्या आधी भागोजी बोलला. "एक आणा. दोन मागत व्हती. आमी मागू दिलं न्हाय."

माणसं हसली.

"मुंबईला काय पडंल ओ एवढ्याचं?" कोणीतरी विचारलं.

"तीन-चार आणे तरी."

"मुंबईचं लोक देतात," भागोजी म्हणाला. "हितं भाव आमी ठरवतो."

पाहुण्याने मान हलवली. रुमालाला हात पुसले. पिशवीतून कागद काढले आणि मजुरीच्या अर्जाची चौकशी करायला सरकारने आपल्याला पाठवलं आहे, असं सांगितलं. "खाणं दुप्पट महाग झालं, मजुरीत पोट भरत नाही, असं तुमचं म्हणणं आहे. गावात सगळी शेटची कुळं, तिथे कोणी तोंड उघडलं नाही. म्हणून इथे आलो."

भागोजीचा चेहरा उतरला.

"साहेब, मी मस्करी केली," तो म्हणाला. "दोन आणे हाय. हिलाच इचारा."

साहेब गोदूबाईकडे वळले. "बाई, नीट विचार करून सांगा. दोन आणे असतील तर यांची मजुरी वाढेल. मग तुम्हालाही दोन आणे मिळतील. एकच असेल, तर निदान दोन वर्षं हा अर्ज पुन्हा उघडणार नाही."

"सांग ना, मावशी," भागोजी म्हणाला. मावशी तो तिला पहिल्यांदाच म्हणत होता.

गोदूबाईने टोपलीवरचं फडकं झटकलं. "एक आणा, साहेब. दोन दिले तर यांच्या हळदीला कोन जात न्हाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. खाली सही केली, शाई वाळेपर्यंत कागद वाऱ्यावर धरला. एक आणा तिच्या हातावर ठेवून ते धक्क्याकडे निघाले. भागोजी बराच वेळ त्यांच्या मागे चालला, मग थांबला.

सकाळची लाँच मुंबईला परतायला भरतीसाठी धक्क्याला खोळंबली होती. पाणी चढल्यावर ती सुटली. साहेबांना समोरच्या फळीवर गोदूबाई बसलेली दिसली. हात रिकामे, टोपली कुठेच नव्हती. त्यांनी जरा सरकून तिच्या पायांना जागा करून दिली.

"एका आण्यात परवडतं कसं, बाई?"

"न्हाय परवडत," गोदूबाई म्हणाली. "सकाळी तुमी उतरलात ना साहेब, तवाच माजं गाठोडं या लाँचीवर चढवलं."