बोटावरचं काजळ

भोपाळच्या त्या संग्रहालयात दुपारी तलावावरचं ऊन छतावर हलत राहायचं. लहान मुलांच्या जुन्या वस्तूंच्या दालनात काचेआड एक प्लास्टरचं बाळ होतं. अंगात खरी, कुणाची तरी जुनी कुंची, आणि डोळे टक्क उघडे.

बाळंतपणाच्या रजेनंतर योगिनी आज पहिल्यांदाच कामावर आली होती. कुंचीवरची धूळ झटकायला तिने काच सरकवली. सकाळी लेकीला, शमिकाला, तीट लावताना बोटाला लागलेलं काजळ अजून गेलं नव्हतं. दिवसभर इतकी माणसं याच्याकडे बघतात, असं मनात आलं आणि तिने ते बोट बाळाच्या गालावर टेकवलं.

"मीट डोळे, झोप आता," ती सवयीने पुटपुटली.

काच लावून ती वळली. शाळेची मुलं आत येत होती. पुढची मुलगी ओठांवर बोट ठेवून मागच्यांना म्हणाली, "धीरे बोलो, मुन्ना सो रहा है."

योगिनीने मागे पाहिलं. प्लास्टरच्या पापण्या मिटलेल्या होत्या.

तेवढ्यात पिपलानीहून, घरून, सासूबाईंचा फोन आला.

"योगिनी, शमिका झोपेना गं. रडत नाही, काही नाही. मघापासून नुसती टक्क बघतेय, पापणीसुद्धा लवत नाही तिची."