मोठा कुणीच नको

"आबा, पुन्हा सांगतो, एक सर्व्हर घ्या," कॉम्प्युटर जोडायला आलेला सुरज टेबलाखालून वायर ओढत म्हणाला. "सगळं एकाच मोठ्या मशीनवर राहील. बाकीचे त्याला विचारतील."

"मोठा कुणीच नको," आनंदराव म्हणाले.

दौंडच्या त्यांच्या ठिबक-पाइपाच्या दुकानात दोन्ही मुलगे बसत. थोरला सत्यजीत, धाकटा सुदर्शन. घरात चुली वेगळ्या झाल्याच होत्या. आता दुकानाचेही दोन तुकडे होणार, ही आनंदरावांची धास्ती होती.

"तिन्ही मशीन एकमेकांना जोड. माल थोरल्याच्या मशीनवर, गिऱ्हाइकं धाकट्याच्या, दर माझ्या."

"स्वस्तात होईल. पण एक जरी बंद राहिलं, तरी बिल निघायचं न्हाई. तिघंही अडून बसाल."

"तेच पायजे," आनंदराव पुटपुटले. मग आपण नको तेवढा शहाणपणा तर करत नाही ना, असं वाटून स्वतःशीच ओशाळले.

पहिल्याच आठवड्यात सुदर्शन रुसून घरी बसला. त्याचं मशीन बंद. कासुर्डीचं गिऱ्हाईक दारात ताटकळलेलं. शेवटी सत्यजीतनेच फोन लावला.

"ये की लेका! तुझ्यावाचून बिल अडलंय."

कित्येक महिन्यांनी भाऊ भावाशी बोलला होता. आनंदरावांनी उगाचच चष्मा पुसला.

पुढे न्हावऱ्याला भावकीत दहावा निघाला. सवयीप्रमाणे आपलं मशीन बंद करून आनंदराव गेले, ते दोन दिवस तिकडेच अडकले. परतले, तर सुरज पुन्हा टेबलाखाली. एक वायर सोडवून गुंडाळत होता.

त्यांनी वाकून विचारलं, "कुणाची तोडली रं?"

सुरजने बाकाकडे बोट दाखवलं.

मुलगे एकाच बाकावर चहा पीत बसले होते. "आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, आबा," सत्यजीत म्हणाला.

"वेगळं व्हायचं?"

"काहीतरीच काय! दुकान एकच राहणार. आमचं आता झकास जमतंय."

आनंदराव मटकन खुर्चीत बसले. सुटलो रे देवा, असं त्यांच्या मनात आलं. हसू आवरत त्यांनी विचारलं, "मग ही वायर कशाची?"



"दर आम्ही आमच्या मशीनवर उतरवून घेतले," चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवत सुदर्शन म्हणाला. "तुमची हाय ती, आबा."