हाकेचं बटन
पुण्यात गेम डिझाईन शिकणाऱ्या दिव्यानीने मोहफुलं वेचण्याचा खेळ बनवला. सोमवारी तो कंपनीला पटला तरच नोकरी मिळणार होती. आधी गावी, कुरखेड्याला येऊन तिने तो आजीच्या हाती दिला. जन्मभर मोह वेचलेल्या आजीला मोबाईलमधल्या वाघाने तीनदा खाल्लं. चौथ्यांदा ती खेळात वाकेचना. "हाक माराचं बटन कुठी आहे?" "तसं बटन नाई, आजी. एकटीनंच वेचाचं." "मोहाले एकटी कोण जाते, पोरी? वाकलेल्या बाईले वाघ जनावर समजते. सोबतिणीले हाक द्याची, ओ आली तरच वाकाचं. कॉलेजात झोपून राह्यली का?" दिव्यानी हिरमुसली, पण दोन दिवस खपून तिने बटन बसवलं. रविवारी निघण्याआधी तिने आजीला ते दाबायला लावलं. मोबाईलमधून दिव्यानीचाच आवाज आला, "ओ, आजी!" आजी निवांत वाकून वेचू लागली. "जाय आता, गाडी सुटन तुई."