वाढलेली ताकद

मुलाने बाइकचा मूळ सायलेन्सर काढून मोठ्या तोंडाचा बसवला. "बाबा, आता इंजिन मोकळा श्वास घेईल, ताकद वाढेल!" वाढला तो फक्त आवाज. घराजवळच्या चढावर बाइक डरकाळ्या फोडत रांगायची आणि शेजारच्या काकू भाजीच्या पिशव्यांसकट स्कूटरवरून पुढे जायच्या. "वाघ आला, वाट सोडा!" बाबा रोज गॅलरीतून ओरडायचे.

शेवटी मेकॅनिकच म्हणाला, "इंजिनाची ओढ गेलीय, जुनाच बसव." मुलगा कामाला लागला, तर बाबांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"अहो बाबा, टोमणे तर तुम्हीच मारता!"



"तुझी आई गेल्यापासून जेवण मी गरम करतो, तू चढाखाली गरजलास की गॅस पेटवतो, आणि तू रखडत वर पोचेपर्यंत दोघांची पानं वाढून होतात."