खोट्याचं देखणेपण

स्वरूपा इंदापूरच्या कॉलेजात जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवायची. त्यातल्या देखण्या, दगाबाज पुरुषांबद्दल बोलताना तिला आपला नवरा आठवायचा. युवराज खोटं बोलला की खरोखरच जास्त देखणा दिसायचा. कपाळावरच्या सुरकुत्या विरायच्या, डोळे चमकायचे. असं का होतं, हे तिला कळलं नव्हतं. भांडून ती केव्हाच थकली होती.

त्या दुपारी बारामतीच्या दवाखान्यातून तो तिचे रिपोर्ट घेऊन बाहेर आला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय न्हाय गं. नुसता अशक्तपणा हाय."

तो कधी नव्हे इतका सुंदर दिसत होता.

"बरं झालं, जिवात जीव आला," ती म्हणाली.

तिचा ओढलेला चेहरा हळूहळू उजळत गेला, डोळे त्याच्यासारखेच चमकू लागले, तसा युवराज दचकून मागं सरला.